दोन फेब्रुवारीचा गहू

फेब्रुवारीची दोन तारीख, सकाळी नऊचा सुमार. इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यात एका शेताच्या बांधावरून एक क्वाड बाइक रानाच्या कडेकडेने चालली होती. मागच्या ट्रेलरमध्ये निळी प्लॅस्टिकची पिंपं एकावर एक रचलेली. दर पन्नास-साठ पावलांवर गाडी थांबायची, माणूस उतरायचा, तिवईवरचं पिंप उचलायचा, तळाशी उरलेला ओला गहू झटकून टाकायचा आणि पिंप ट्रेलरमध्ये चढवायचा. पिंप गेलं की खाली चिखलात पायांनी तुडवून गुळगुळीत झालेलं एक गोल उरायचं. अशाच एका गोलाभोवती पाच फेझंट माद्या उभ्या होत्या. फेझंट म्हणजे कोंबडीच्या कुळातला, इथे शिकारीसाठी वाढवून रानात सोडला जाणारा पक्षी. गाडी दूर गेली तशा त्या पुढे आल्या आणि झटकलेला गहू टिपू लागल्या. तो मूठभरच होता, पाच मिनिटांत संपला. तरी त्या हलल्या नाहीत, पायाने चिखल उकरत राहिल्या. ऑगस्टपासून त्या जागेवर दाणा आहे, हे त्यांना माहीत होतं. मोसम काल संपला, हे माहीत नव्हतं.

इंग्लंडमध्ये फेझंटचा मोसम एक ऑक्टोबरला सुरू होतो आणि एक फेब्रुवारीला संपतो. १८३१ च्या गेम अॅक्टने ठरवलेल्या या तारखा आजही चालू आहेत. त्याच कायद्याने रविवारी आणि नाताळच्या दिवशी बार काढायला बंदी आहे, त्यामुळे २०२६ सारखी एक फेब्रुवारी रविवारी आली की शेवटचा दिवस ३१ जानेवारी. एका रात्रीत त्या पक्ष्याचं कायद्यातलं स्थान बदलतं. काल त्याच्यावर नेम धरणं चालत होतं, आज तो गुन्हा आहे. खरं तर या पक्ष्याचं स्थान वर्षभरच बदलत असतं. जुलैत जाळीच्या वाड्यात असतो तेव्हा तो शेतावरच्या कोंबडीसारखा कुणाच्या तरी मालकीचा. वाड्याबाहेर मोकळा झाला की रानपक्षी, कुणाचाच नाही. मी ज्या सकाळबद्दल लिहितो आहे तिची सगळी गोम या शेवटच्या दोन शब्दांत आहे. कुणाचाच नाही म्हटलं की त्याला खायला घालणंही कुणाचं काम उरत नाही.

जानेवारीच्या अखेरीला ही रानं पार बदललेली असतात. ब्रॅकन नावाचा नेचा वाळून तांबूस आणि आडवा झालेला, काटेरी ब्रॅम्बल पानं गळून विरळ, ऑक्टोबरमध्ये जिथे शंभर पक्षी दडत होते तिथे आता आरपार उजेड. उरलेला प्रत्येक पक्षी चार महिने बंदुकांखालून गेलेला असतो. ऑक्टोबरचा नर काठीचा आवाज ऐकून गोंधळतो, जानेवारीचा नर लँडरोव्हरचं दार लागल्याचा आवाज आला की हेजच्या, म्हणजे शेताच्या कडेच्या झुडपी कुंपणाच्या तळाशी मान खाली घालून पळायला लागतो. म्हणून शेवटच्या दिवसांत हाकाऱ्यांची रांग फार सावकाश न्यावी लागते. दोन माणसांत दहा-बारा पावलं अंतर, काठी झाडाच्या बुंध्यावर हलकी टकटक करत, आरडाओरड नाही. रांगेत कुठे खोलगट आली की पक्षी तिथूनच मागे निसटतो, म्हणून कीपर, म्हणजे रानाची आणि पक्ष्यांची देखभाल करणारा माणूस, मधूनमधून सगळ्यांना थांबवतो आणि टोकं सरळ करतो. रानाच्या बाजूंना, जिथून पक्षी पायी पळून जाईल अशा प्रत्येक हेजच्या तोंडाशी, एकेक माणूस अर्धा तास आधीच उभा केलेला असतो. त्याचं काम एवढंच की काठी आपटत राहायचं आणि जागा सोडायची नाही. रानाच्या पुढच्या कडेला दोरीवर प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधून ती दोरी आडवी ताणलेली असते. पक्षी पळत येतात, ती फडफड पाहून थबकतात आणि एक-दोन, एक-दोन असे उडतात. ती दोरी नसेल किंवा रांग घाईने दाबली, तर सगळे एकदम फुटतात. पाच सेकंदांत सगळं आटपतं, बंदूकवाल्याला दोन बार मिळतात आणि बाकीचा थवा शेजारच्या शेतात जातो.

शेवटचा दिवस बहुतेक ठिकाणी हाकाऱ्यांचा.

चार महिने पावसात, गुडघाभर चिखलात ज्यांनी पक्षी उठवले, कुत्री घेऊन जखमी पक्षी शोधले, ते त्या दिवशी बंदूक घेतात. आळीपाळीने निम्मे उभे राहतात, निम्मे हाका घालतात. फक्त नर मारायचे, माद्या सोडायच्या, असा नियम त्या दिवशी बहुतेक ठिकाणी असतो. कारण सरळ आहे, वसंतात एका नराभोवती अनेक माद्या राहतात, त्यामुळे जास्तीचे नर नुसते भांडत बसतात. या दिवसात मोठा आनंद असतो. शेतमजूर, वायरमन, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, सोळा वर्षांचा पोरगा, सगळे एकाच बाकावर बसून सूप पितात. पण हाच दिवस सर्वांत जपून काढायचाही असतो. पैसे देऊन येणारे आठ बंदूकवाले वर्षानुवर्षं एका ओळीत उभे राहिलेले असतात. आज मात्र बंदुका नवख्या हातांत आहेत, आणि निम्म्या बंदुका रानाच्या आत, रांगेत चालत आहेत. म्हणून सकाळी कीपर जे सांगतो ते ऐकताना कुणी हसत नाही. पक्ष्यामागे आकाश दिसल्याशिवाय बार नाही. बंदूक शेजाऱ्याच्या रेषेतून फिरवायची नाही. हाकारे जवळ आले की एक शिंग वाजेल, त्यानंतर समोर बार नाही, वळून मागे उभं राहून मागेच. दुसऱ्या शिंगाला बंदूक बिजागरीतून उघडायची, काडतुसं बाहेर. आपल्या ओळखीच्या रणजींचं, नवानगरच्या जामसाहेबांचं उदाहरण इथे आठवल्याशिवाय राहत नाही. १९१५ च्या ऑगस्टमध्ये यॉर्कशरच्या माळावर ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीत सोबतच्या एका बंदूकवाल्याचा छर्रा लागून त्यांचा उजवा डोळा गेला. ज्या डोळ्यांनी लेग ग्लान्स खेळला त्यातला एक.

शेवटचं शिंग वाजल्यावर काम संपत नाही. पडलेला पक्षी मोजणं सोपं आहे, पण काही पक्षी पंखात छर्रा घेऊन दोन शेतं पलीकडे उतरतात आणि पळतात. कुत्रेवाले म्हणूनच बंदुकांच्या खूप मागे उभे असतात आणि कुठला पक्षी पाय लोंबवत गेला ते डोळ्यांत धरून ठेवतात. चांगल्या रानात दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक फेरी होते. थंड, दमट हवेत वास जमिनीलगत राहतो आणि कुत्रं आदल्या संध्याकाळी निसटलेला पक्षी हेजच्या तळाशी शोधून काढतं. बंदूक बंद झाली म्हणून ही फेरी टाळणारे लोक आहेत. तसं करणाऱ्याच्या हाती काडतूस द्यायला नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

मारलेले पक्षी एक नर-एक मादी अशा जोडीने सुतळीला बांधून मानेने टांगतात. शेवटच्या दिवशी नुसते नर, दोन-दोन. टांगताना पक्षी एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, मधून हवा खेळली पाहिजे. गरम पक्षी ढिगात टाकले की रात्रीतून पोटं हिरवी पडतात आणि सगळा माल फुकट जातो. विक्रीला जायचे असतील तर लवकरात लवकर चार अंशांच्या आत थंड करावे लागतात. घरी खायचे असतील तर थंडीत चार-पाच दिवस टांगले की पुरे.

हाकाऱ्याला संध्याकाळी मिळणारी जोडी घरी आली की मराठी स्वयंपाकघरात पहिला प्रश्न पडतो तो तिच्या वयाचा. नराच्या पायामागचा काटा बोथट आणि आखूड असेल तर तो गेल्या उन्हाळ्यातला, लांब आणि टोकदार असेल तर जुना. मादीला काटा नसतो. तिच्या गुदद्वाराच्या वरच्या बाजूला एक बारीक कप्पा असतो, त्यात काडेपेटीच्या काडीचं बोथट टोक सहज आत गेलं तर पक्षी तरुण. वय वाढलं की तो कप्पा बुजतो. जानेवारीचा जुना नर भाजायला घेऊ नये, छाती चामड्यासारखी होते. त्याला गावरान कोंबड्याचाच न्याय लावायचा. छाती वेगळी काढून ठेवायची, तंगड्या आणि पाठीचा सांगाडा भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटणात मंद आचेवर दोन-अडीच तास शिजवायचा, छातीचे तुकडे शेवटच्या पंधरा मिनिटांत टाकायचे. तंगडीत काड्यांसारख्या कडक नसा असतात, त्या आधीच काढलेल्या बऱ्या. गुडघ्याखाली कातडीला गोल चीर द्यायची, हाड मोडायचं, पंजा हुकाला अडकवून जोरात ओढायचा, नसा पंजासोबत बाहेर येतात. पिसं काढायचा कंटाळा आला तर कातडीसकट उतरवलं तरी चालतं, रश्शाच्या पक्ष्याला कातडीची गरज नसते.

साफ करताना गळ्याची पिशवी टाकून देऊ नये, उघडून पाहावी. शेवटच्या दिवसाच्या पक्ष्याची पिशवी चिरली की वरच्या थरात गहू असतो, फुगून मऊ झालेला, पिवळट. त्याखाली क्लोव्हरची कोवळी पानं चुरगळून गोळा झालेली. कधी ओकच्या फळाचा तुकडा, कधी एखादं तणाचं बी, आणि एक आंबूस, ओल्या मळणीसारखा वास. निम्म्याहून अधिक ऐवज माणसाने ठेवलेला गहूच निघतो. जानेवारीअखेरीला हा पक्षी किती रानावर जगतो आणि किती निळ्या पिंपावर, याचं उत्तर त्या एका पिशवीत मिळतं.

मग छर्रे. हे काम घाईचं नाही. सहा नंबरच्या एका औंसाच्या काडतुसात २७० च्या आसपास छर्रे असतात, त्यांतले पाच-सहा अंगात राहिलेले असू शकतात. छर्रा आत शिरताना पिसाचा तुसा सोबत ओढून नेतो. मांसात काळसर रेघ दिसली की तिथे सुरीच्या टोकाने चीर द्यावी, तुसा चिमटीत धरून ओढावा, बहुधा त्याच्या शेवटी छर्रा सापडतो. काळंनिळं पडलेलं मांस भोवतीच्या बोटभर भागासकट कापून टाकावं, कारण शिसं हाडावर आपटून बारीक कणांत फुटतं आणि ते कण बोटांना लागत नाहीत. आपल्या पद्धतीने शिजवणाऱ्याने एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. शिशाने मारलेल्या पक्ष्याला चिंच, कोकम, टोमॅटो, दही लावून तासन्‌तास मुरवू नये. आंबटात शिसं अधिक उतरतं. आंबट हवंच असेल तर शिजल्यावर ताटात लिंबू पिळावं. लहान मुलांना आणि गरोदर बाईला हे मांस देऊच नये. फेब्रुवारी २०२० मध्ये इथल्या नऊ शिकारी आणि ग्रामीण संघटनांनी मिळून जाहीर केलं होतं की पाच वर्षांत शिशाचे छर्रे स्वखुशीने सोडू. ती पाच वर्षं सरली तरी बाजारात मिळणाऱ्या फेझंटमध्ये बहुतेक शिसंच सापडत होतं. पोलादी छर्रे हलके असतात, म्हणून दोन नंबर मोठे घ्यावे लागतात, सहाच्या जागी चार (नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा). काही जुन्या बंदुकांना ते चालत नाहीत हेही खरं. पण चालतात अशा बंदुका रग्गड आहेत, आणि जे आपण दुसऱ्याच्या पोरांच्या ताटात वाढतो त्याबद्दल स्वखुशीची मुदत मागणं मला पटत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळं वाचताना अवघडल्यासारखं होणार, ते स्वाभाविक आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात छोट्या शिकारीचा परवाना होता. १९९१ च्या दुरुस्तीने तोही गेला. म्हणजे आपल्या माळावरच्या तित्तर-लाव्यांचा मोसम कायमचा बंद झाला, आणि ज्या फासेपारध्यांची तित्तर धरण्याची कला घोड्याच्या केसांच्या फाशांत होती ते एका पिढीत कायद्याबाहेर पडले. इथे मोसम जिवंत राहिला, पण त्याची किंमत पक्ष्यांच्या संख्येत मोजली गेली. १८ डिसेंबर १९१३ ला बकिंगहॅमशरच्या हॉल बार्नला एका दिवसात ३,९३७ फेझंट पडले. बंदूकवाल्यांत राजे पंचम जॉर्ज होते, आणि परतताना आज जरा अतिच झालं असं त्यांनाही वाटलं. आज दरवर्षी ब्रिटनमध्ये सोडल्या जाणाऱ्या फेझंटांचे अंदाज तीन कोटींपासून पावणेपाच कोटींपर्यंत जातात. या पिलांतली आणि अंड्यांतली मोठी संख्या फ्रान्सहून येते, म्हणूनच २०२२ मध्ये तिकडे बर्ड फ्लू पसरला तेव्हा इथले कित्येक मोसम सुरू होण्याआधीच रद्द झाले. सोडलेल्यांपैकी शंभरातले पस्तीस-चाळीस बंदुकीला पडतात. त्याहून थोडे कमी कोल्हा आणि इतर शिकारी प्राणी नेतात, काही रस्त्यावर मोटारीखाली जातात, काही रोगाने. मोसमाअखेर उरतो तो सुमारे सहातला एक.

हा सहावा पक्षी माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा आहे.

कारण त्याने सगळं सोसून झालेलं असतं आणि पुढचे दहा आठवडे त्याच्यासाठी सर्वांत वाईट असतात. नोव्हेंबरपर्यंत कापणीनंतरचे दाणे शेतात असतात, डिसेंबरपर्यंत बीच आणि ओकची फळं. फेब्रुवारीत यांतलं काही उरलेलं नसतं, किडे अजून निघालेले नसतात, गवताला सत्त्व नसतं. आणि नेमक्या याच काळात मादीला अंगात चरबी साठवायची असते. एप्रिलमध्ये ती दहा-बारा अंडी घालते आणि सुमारे चोवीस दिवस बसते. दिवसातून एकदाच, तेही थोडा वेळ उठते. अशक्त मादीला मधेच घरटं सोडून चरायला जावं लागतं, अंडी गार पडतात, किंवा तिच्या सततच्या येण्याजाण्याने कोल्ह्याला वाट सापडते. पहिलं घरटं मोडलं तर दुसऱ्यांदा अंडी घालायला बळ लागतं, ते फेब्रुवारी-मार्चच्या गव्हातून येतं. फोर्डिंगब्रिजचा गेम अँड वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन ट्रस्ट अनेक वर्षं कानीकपाळी ओरडून सांगतो आहे की दाणा मेच्या मध्यापर्यंत चालू ठेवा. वाड्यात वाढलेल्या माद्या आई म्हणून तशाही कच्च्या असतात. त्यांना उपाशी ठेवून वर त्यांना पिलं वाढवता येत नाहीत म्हणणं हा अन्याय आहे.

मोसमातला दाणा आणि मोसमानंतरचा दाणा यांत फरक करावा लागतो. मोसमात पिंपं रानात एकवटलेली असतात, कारण पक्षी तिथे गोळा व्हायला हवे असतात. फेब्रुवारीत नर आपापल्या हद्दी धरायला पांगतात. रानाची आणि शेताची कड, हेजचा कोपरा, जिथे शेजारी लपायला झुडूप आणि समोर मोकळं शेत आहे, तिथे नर उभा राहून कॉक-कॉक ओरडतो. पिंपं त्याच्या मागोमाग न्यायची, शंभरेक मीटरवर एक, अर्धी भरून. ती जमिनीवर नाही, पायांवर किंवा फांदीला टांगून, खालची स्प्रिंग पक्ष्याच्या मानेच्या उंचीला येईल अशी. पक्षी स्प्रिंगला चोच मारतो, चार दाणे पडतात, तो ते टिपतो आणि पुन्हा मारतो. स्प्रिंग ढिली असेल तर वारा आणि हरणं पिंप रिकामं करतात, घट्ट असेल तर ओल धरून गहू आतच मोड येऊन अडकतो. म्हणून दर आठवड्याला बोटाने हलवून पाहायचं. दोन आठवड्यांनी पिंप काही पावलं सरकवायचं. एकाच जागी राहिलं तर चिखल होतो, उंदीर बिळं करतात, आणि विष्ठेतून घशातल्या कृमींची अंडी गांडुळांत आणि गांडुळांतून पुन्हा पक्ष्यांत जातात. तोंड उघडून खाकरणारा पक्षी दिसला की समजावं, जागा बदलायला उशीर झाला. आणि पिंपाखाली फेझंटच येतात असं नाही. पिवळ्या डोक्याचे यलोहॅमर, चॅफिंच, रानटी कबुतरं, आणि नशीब असेल तर करडे पार्ट्रिज, आपल्या तित्तराचे भाऊबंद, जे इथे गेल्या साठ वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. त्यांचे थवे याच दिवसांत फुटून जोड्या होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या जोड्या मोजल्या जातात आणि त्या संख्येवर पुढच्या मोसमात त्यांना हात लावायचा की नाही हे ठरतं. माझ्या मते तरी लावू नये.

कीपरकडे फेब्रुवारीत दुसरीही कामं पडलेली असतात हे मान्य. वाड्याची जाळी सोडवून धुवायची, आतल्या जमिनीवर चुना टाकायचा, हेजची छाटणी एक मार्चच्या आत उरकायची कारण नंतर ऑगस्टअखेरपर्यंत ती बंद. रानाची मधली झाडं तोडून उजेड आत घ्यायचा म्हणजे पुढच्या हिवाळ्याला खाली झुडपं दाटतात. अंड्यांसाठी माद्या धरायच्या असतील तर ते जानेवारीतच, मोसम उघडा असताना करावं लागतं. या सगळ्यात पिंपं भरायची फेरी ही पहिली गळते. मालकाला विचारलं तर उत्तर गव्हाच्या पैशांवर येतं.

तो हिशेब करून पाहू. बाराशे पक्षी सोडणारं लहान रान घ्या. सहातला एक म्हणजे दोनशे उरले. एका पक्ष्याला दिवसाला साधारण ६० ग्रॅम गहू, म्हणजे रोज बारा किलो, मेच्या मध्यापर्यंत शंभर दिवसांचे बाराशे किलो. उंदीर, कबुतरं आणि बाकीच्या पाहुण्यांसाठी तेवढाच धरा, अडीच टन झाले. टनाला दोनशे पौंड धरले तरी पाचशे पौंड. आणि विकत घेतलेल्या दिवसाला बंदूकवाला एका पक्ष्यामागे चाळीस-पन्नास पौंड मोजतो. म्हणजे दहा-बारा पक्ष्यांच्या पैशांत दोनशे पक्ष्यांचा वसंत निघतो. एप्रिलमध्ये हिरवं वाढलं की माद्या तिकडे वळतात, तेव्हा खर्च याहून कमीच येईल.

पुढच्या जुलैच्या पिलांची ऑर्डर याच दिवसांत द्यावी लागते, आगाऊ रक्कम भरून. सवयीने गेल्या वर्षीचाच आकडा पुन्हा लिहिला जातो, किंवा शेवटच्या दिवशी पक्षी कमी दिसले म्हणून दोनशे वाढवला जातो. वाड्यात हेक्टरी हजाराच्या वर पिलं सोडू नयेत असा दंडक आहे, आणि त्याच्या बऱ्याच खाली राहिलेलं चांगलं. तिथली वनस्पती तुडवून नाहीशी झाली की ती वर्षानुवर्षं परत येत नाही. माझं म्हणणं एवढंच की ऑर्डरच्या कागदावर पिलांच्या आकड्याखाली दुसरी एक ओळ असावी, फेब्रुवारी ते मेच्या गव्हाची, टनांत. ती भरायची ऐपत किंवा इच्छा नसेल तर वरचा आकडा बाराशेचा आठशे करावा. आठशे सोडून वसंतात उरलेल्यांना पोसणारं रान कसं असतं ते पाहायचं असेल तर जूनमध्ये गवताची कापणी व्हायच्या आधी हेजच्या कडेने चालावं आणि मादीमागची पिलं मोजावीत.